दुपारच्या कुस्त्या आणि सोसायटीची मीटिंग

तुमचा बाबा मागच्या खेपेला आला तेव्हा त्याने आमच्या टीव्हीला इंटरनेट जोडून दिलं. जाताना आमच्यासाठी कीर्तनं, योगासनं आणि गुडघेदुखीवरची डॉक्टरांची भाषणं शोधून ठेवली. त्यातलं आम्ही एकही पाहिलेलं नाही. दुपारचा चहा झाला की आम्ही दोघं कुस्त्या पाहतो.

लाल मातीतल्या नव्हेत. तुम्ही राहता त्या देशातल्या. चौकोनी मंच, त्याला दोऱ्यांचं कुंपण, आणि आत झगमगीत चड्ड्या घातलेले दोन आडदांड पुरुष, जे एकमेकांना मारण्याआधी माइकवर बराच वेळ बोलतात. तुमचा बाबा शाळेत होता तेव्हा मुलुंडमध्ये केबल आली आणि केबलबरोबर हे लोक घरात आले. बिल्डिंगमधली सगळी पोरं वेडी झाली. त्यांच्या फोटोंचे पत्ते मिळायचे. कोणाची उंची जास्त, कोणाचं वजन जास्त, यावर पोरं ते पत्ते एकमेकांकडून जिंकायची. तुमच्या बाबाला सतराचा पाढा येत नव्हता, पण या सगळ्यांची वजनं पाउंडात पाठ होती.

मी तेव्हा कॉलेजात इंग्रजी शिकवत होते. असलं काही घरात चालावं हे मला पसंत नव्हतं. मुलं काय पाहतात यावर आईची नजर हवी, अशा मताची मी, म्हणून नजर ठेवायला त्याच्या शेजारी जाऊन बसले. ती नजर मी पुढे कित्येक वर्षं ठेवली. बाबा पवईला इंजिनिअरिंगला गेला, हॉस्टेलवर राहू लागला, तरी मी आपली नजर ठेवतच होते.

आजोबा त्या वेळी पेपराआडून म्हणायचे, "सगळं ठरलेलं असतं. कोण जिंकणार ते आधीच ठरवतात." आणि थोड्या वेळाने, पेपर खाली न करता, "कोण जिंकलं?"

आता आजोबांना पेपर वाचता येत नाही. त्यांच्या नजरेच्या मधोमध डाग पडलाय. कडेचं दिसतं, समोरचं दिसत नाही. व्हिडिओ कॉलवर तुमच्याशी बोलताना ते खिडकीकडे बघतात ना, ते कंटाळून नव्हे. तसं बघितलं की तुम्ही थोडे थोडे दिसता. तर कुस्ती मी पाहते आणि त्यांना सांगते.

"आता काय?" आजोबा विचारतात.

"हिरव्या चड्डीवाल्याने मिशीवाल्याला दोरीवर ढकललं."

"कोणत्या बाजूच्या?"

"डावीकडच्या."

"त्याच्या डावीकडच्या की आपल्या?"

"अहो, तो पडलासुद्धा."

"कोण?"

"मिशीवाला."

"मग तेवढं सांग ना. डावी-उजवी काय करत बसतेस."

या कुस्त्या मी त्या काळी सगळ्या पाहिल्या होत्या, पण तेव्हा त्या एकदाच लागत. आता थांबवता येतात, मागे नेता येतात. त्यामुळे तरुणपणी न दिसलेल्या कितीतरी गोष्टी म्हातारपणी दिसू लागल्या. ज्याला डोक्यावर उचलायचं असतं, तो आधी स्वतःच छान उडी मारतो. एकाने दुसऱ्याची मान काखेत दाबली की दोघांचे ओठ हलत असतात; पुढे काय करायचं ते ठरवत असतात बिचारे. मागून कोणी खुर्ची घेऊन आत शिरलं की पंच नेमके त्याच वेळी वाकून बुटाची नाडी बघतात. आजोबांनी तर मला न दिसलेली गोष्ट पकडली. ते डोळे मिटूनच ऐकत होते.

"आवाज आधी येतो," ते म्हणाले. "मार नंतर बसतो. ऐक. हा पाय आपटला त्याने, हा आवाज. आणि आता तू ओरडशील."

मी ओरडलेच.

हे कळलं म्हणून माझी गोडी कमी झाली नाही. नाटकातला राजा खरा राजा नाही हे माहीत असूनही आपण तिकीट काढतोच. उलट मला पडणाऱ्याचं जास्त कौतुक वाटू लागलं. मारणाऱ्याला फक्त हात फिरवायचा असतो. त्या माराला वजन आणायचं काम पडणाऱ्याचं.

एक कुस्ती मी आजोबांना परत परत सांगितली. मिशीवाला त्यात दुष्ट होता. त्याने हरायचं आणि लोकांच्या शिव्या खायच्या, असं ठरलेलं असणार. पण त्या गावच्या लोकांना काय वाटलं कोण जाणे, तो आत आला आणि सगळे त्याच्याच नावाने टाळ्या पिटू लागले. आधी तो गोंधळला. मग त्याने मिशीवरून हात फिरवला. मग जिथे पडायचं तिथे पडेना. हिरव्या चड्डीवाला त्याला ठोसे मारतोय, आणि हा लोकांकडे बघून हसतोय. पुढच्या भागापासून त्याला सज्जन करावं लागलं. दुसरा इलाज नव्हता, लोकांनी ठरवूनच टाकलं होतं.

आता आमच्या सोसायटीकडे येते.

आमची बिल्डिंग जुनी झाली. गॅलरीच्या सळ्या दिसायला लागल्या आहेत आणि पावसाळ्यात जिन्यात बादल्या ठेवाव्या लागतात. अशा बिल्डिंगा इथे बिल्डरला देतात. तो जुनी पाडतो, त्या जागी उंच नवी बांधतो, आपल्याला नवं घर फुकट देतो आणि वरची घरं विकून पैसे कमावतो. बांधून होईपर्यंत आपण भाड्याने राहायचं, भाडं त्याने द्यायचं. सध्या आमच्या गल्लीत दर दुसऱ्या गेटवर पत्रे ठोकलेले दिसतात.

आमच्या सेक्रेटरींनी एक बिल्डर आणला. माणूस गोड बोलणारा. पण याच बिल्डरची एक बिल्डिंग नाहूरला आहे, रिक्षाने जाताना दिसते: अर्धवट सांगाडा, गंजलेल्या सळ्या आणि तिसऱ्या मजल्यावर चांगला वाढलेला पिंपळ. माझ्या कॉलेजातली एक मैत्रीण तिथली. पहिली दोन वर्षं त्यांना भाडं आलं, मग यायचं बंद झालं. तिच्या यजमानांनी नव्या घराचा नकाशा भाड्याच्या खोलीत भिंतीला लावला होता. तो नकाशा बघत बघतच ते गेले.

मला त्याचीच भीती होती. घर सोडायला माझी ना नव्हती. पण आमच्या वयाला परत येता आलं पाहिजे. त्यासाठी एकच गोष्ट हवी होती, बँक गॅरंटी. म्हणजे बिल्डर मधेच पळाला तर बँक पैसे भरते आणि बिल्डिंग पुरी होते. मी एका मीटिंगमध्ये उभी राहून तसं व्यवस्थित, मुद्देसूद सांगितलं. सेक्रेटरी म्हणाले, "काकू, फार महत्त्वाचा मुद्दा. नोंद घेतली." आणि चहा मागवला.

गॅरंटीचं नाव घेणारे आणखी एकच होते, दुसऱ्या मजल्यावरचे. मूळचे मालवणकडचे, वडील गिरणीत होते आणि युनियनमध्येही. आवाज वडिलांचाच उचललेला. बिल्डिंगमध्ये सगळे त्यांना 'विरोधक' म्हणत, आणि ते त्यांना आवडे.

पुढची मीटिंग नेहमीप्रमाणे खाली पार्किंगमध्ये झाली. प्लॅस्टिकच्या खुर्च्या, एक माइक, आणि मधोमध आमचे चेअरमन, ज्यांना मीटिंग सुरू झाली की पेंग येते. विरोधक उभे राहिले.

"सेक्रेटरीसाहेब, आमका काय येडे समाजतास? कार्पेट एरिया किती, ते आधी बोला."

सेक्रेटरींनी कागद उचलून आकडा वाचला.

"भाडं किती?"

तेही वाचलं.

"आणि गॅरंटीचं काय?"

"माझ्या प्रामाणिकपणावर संशय घेता तुम्ही?" सेक्रेटरी कडाडले आणि त्यांनी खुर्ची मागे ढकलली. विरोधक पुढे धावले, सेक्रेटरींनी हात उगारला. "सोडा मला, सोडा," असं ते ओरडले तेव्हा त्यांना कोणीही धरलेलं नव्हतं. मग पहिल्या मजल्यावरच्या दोघांनी उठून धरलं. चेअरमन खाली पडलेलं पेन शोधत होते. बराच वेळ आरडाओरडा झाला. लोक दमले. शेवटी विरोधक कपाळाचा घाम पुसत म्हणाले, "ठीक आहे. बिल्डिंगच्या भल्यासाठी मी माघार घेतो." सेक्रेटरींनी त्यांना मिठी मारली. सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास सोडला आणि वेफर्स आले. संमतीपत्रावर सह्या पुढच्या रविवारी, असं ठरलं. गॅरंटीचं उत्तर मिळालेलंच नाही, हे कोणाच्या लक्षात आलं नाही.

जिना चढताना आजोबा माझ्या खांद्याला धरून म्हणाले, "पान आधी उलटलं."

"कुठलं पान?"

"सेक्रेटरीचं. हा भाड्याचं विचारायचा होता, त्याच्या आधीच त्याने भाड्याचं पान काढलं. मी ऐकलं ना. कार्पेट एरियाच्या वेळीही तेच."

मी कठडा धरून थांबले. मला ते धावणं आठवलं. विरोधक पुढे धावले खरे, पण सेक्रेटरींनी हात उगारायच्या आधीच ते एक पाऊल मागे सरले होते. मी हेच तर रोज चहानंतर पाहत होते.

"ठरलेलं आहे," मी म्हटलं.

"मी कधीपासून सांगतोय," आजोबा म्हणाले. कशाबद्दल, ते मी विचारलं नाही.

पहिला विचार आला तो रविवारी उभं राहून सगळ्यांसमोर हे सांगून टाकायचा. रात्रभर मनात वाक्यंही जुळवली. पण सकाळी पुन्हा विचार केला. 'सगळं ठरलेलं असतं' हे आजोबांनी टीव्हीसमोरच्या पोरांना वर्षानुवर्षं सांगितलं होतं. एक तरी पोर उठून गेलं का? उलट म्हणायची, काका, तुम्ही मधे बोलू नका. मग मला मिशीवाला आठवला, आणि मी तळमजल्यावर गेले.

तळमजल्यावरची माझी मैत्रीण बिल्डिंगच्या भजनी मंडळाची प्रमुख आहे. ती मेथी निवडत होती. मी तिला सगळं सांगितलं. पान, पाऊल, मिठी. तिने मान वरही केली नाही.

"अगं, ते सगळ्यांनाच ठाऊक आहे," ती म्हणाली. "दोघांच्या बायका एकत्र वॉकला जातात. शुक्रवारीच त्या हसत होत्या, रविवारी आमच्याकडे शो आहे म्हणून."

"मग कोणी बोललं का नाही?"

"मजा येते ना गं. नाहीतर मीटिंगला काय असतं? सिंकिंग फंड आणि पाण्याची टाकी."

"आणि नाहूरसारखं झालं तर?"

आता तिने मेथी बाजूला ठेवली. नाहूरला ती त्या पिंपळाखालून रोज रिक्षाने जाते, नातवाला क्लासला सोडायला.

"काय करायचं म्हणतेस?"

"टाळ्या वाजवायच्या."

"कोणाला?"

"विरोधकाला. तो गॅरंटी म्हणाला की लगेच. जोरात. सगळ्या मंडळाने."

"आणि सेक्रेटरी बोलला की?"

"तेव्हा काही नाही. पदरसुद्धा सावरायचा नाही."

"एवढंच? मग टाळ घेऊनच येतो की."

"टाळ नकोत गं. त्याला खरं वाटलं पाहिजे."

रविवारी मंडळ पुढच्या दोन रांगांत बसलं. एरवी ह्या बायका मागे बसून वेफर्सची वाट बघतात, त्यामुळे सेक्रेटरींनी माइकवरून 'महिलांच्या वाढत्या सहभागाचं' कौतुक केलं. कोणीही हललं नाही. आजोबा माझ्याशेजारी डोळे मिटून बसले होते.

विरोधक उठले. आज त्यांना दोन-चार प्रश्न विचारून, शेवटचं हळहळून, पहिली सही करायची असणार.

"माझी शंका होती," ते म्हणाले, "की नुसत्या शब्दावर घर सोडायचं, गॅरंटी वगैरे नसताना…"

टाळ्या.

ते थांबले. आधी मागे वळून पाहिलं, कोण आलंय म्हणून. मागे स्कूटर होती.

"म्हणजे, बँकेची गॅरंटी असती तर," ते पुन्हा म्हणाले, या वेळी जरा सावकाश, चाचपून बघितल्यासारखे.

पुन्हा टाळ्या, आणि आता मागच्या रांगांतूनही. तळमजल्यावरच्या मैत्रिणीने "बरोबर आहे" असं अभंगाच्या पट्टीत म्हटलं. विरोधकांनी शर्ट खाली ओढला. छाती थोडी वर आली. वडिलांचा आवाज घशात कुठेतरी असतोच माणसाच्या. त्यांचा आता बाहेर आला.

"आमच्या आईबापांनी घामाचे पैसे घालून ही घरं घेतली. नाहूरची बिल्डिंग बघा. पिंपळ वाढलाय तिच्यात. तसा पिंपळ आपल्याला हवाय?"

"नको," मंडळ म्हणालं.

सेक्रेटरी पान उलटत होते. पुढे उलटलं, मागे उलटलं. शेवटी माइकवर हात ठेवून ते पुटपुटले. मला ऐकू आलं नाही. आजोबांना आलं, आणि त्यांनी सगळ्या पार्किंगला ऐकू जाईल असं विचारलं, "पुढचं घे म्हणजे काय घ्यायचं?"

चेअरमन जागे झाले.

"गॅरंटी नाय, तर सही नाय," विरोधक म्हणाले. मंडळाने ते उचललं. पहिल्यांदा त्यांनी म्हटलं, मग बायकांनी, मग सगळ्यांनी, आणि तिसऱ्या खेपेला त्याला चालही लागली.

त्या गलबल्यात सेक्रेटरी उठून विरोधकांजवळ गेले. गेल्या वेळी 'तुम्ही', 'साहेब' असं चाललं होतं. आता ते अगदी हळू म्हणाले, "तू काय करतोयस रे?" विरोधकही तितक्याच हळू म्हणाले, "बघतोयस ना." दोघांचे चेहरे पांढरे पडले होते. कोणी खुर्ची ढकलली नाही, कोणी धावून गेलं नाही, धरायलाही कोणी उठलं नाही. त्यावरूनच मला कळलं की आता जे चाललंय ते खरं आहे.

हात वर करून मतं घेतली. बँक गॅरंटी मिळाल्याशिवाय कोणी सही करायची नाही, असं ठरलं. चेअरमननी पुढाकार घेऊन मोजणी केली. काहीतरी काम मिळाल्यामुळे ते बरे दिसत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी विरोधक आमच्या दारात. मी आत बोलावून चहा दिला. ते सोफ्याच्या कडेवर बसले.

"काकू, त्या टाळ्या तुम्ही सांगितल्या होत्या ना?"

"पहिल्या दोन," मी म्हटलं. "पुढच्या त्यांच्या त्यांनी वाजवल्या."

"नक्की?"

"नक्की. पिंपळाचं तर मी सांगितलंच नव्हतं."

त्यांनी कॉलर सरळ केली. मग म्हणाले, "माझी वाट लागली, काकू. बिल्डर मला नव्या बिल्डिंगमध्ये पार्किंगची दुसरी जागा देणार होता. मुलाची गाडी येतेय. ती गेली. मिसेस बोलत नाही. तिची वॉकची मैत्रीण पण बोलत नाही तिच्याशी."

"मग आता मागे फिरणार तुम्ही?"

"मागे कसा फिरू? सकाळी दूधवाल्याने हात मिळवला माझ्याशी. तळमजल्यावरच्या काकूंनी डबा पाठवला, घावने आणि रस." त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. "तो बिल्डर आता पत्र पाठवणार, गॅरंटी देत नाही म्हणून. तेव्हा मी काय बोलू?"

"तेच. पण गॅरंटी म्हणायच्या आधी जरा थांबत जा. लोकांना वाट बघू दे."

त्यांनी तिथेच बसून एकदा म्हणून पाहिलं. आजोबा आतून म्हणाले, "अजून थांबा." त्यांनी पुन्हा म्हटलं. दुसऱ्यांदा चांगलं झालं.

बिल्डरचं पत्र आलं, गॅरंटी जमणार नाही. विरोधकांनी ते मीटिंगमध्ये वाचलं, योग्य तिथे थांबून, आणि तो बिल्डर गेला. मग दुसरे आले. त्यातला एक गॅरंटी द्यायला तयार झाला. बँकेचा कागद मी स्वतः भिंग घेऊन पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला. त्याच्या इंग्रजीत काही चुका होत्या, पण अर्थ पक्का होता. आम्ही सही केली. पुढच्या उन्हाळ्यात आम्ही दोन गल्ल्या पलीकडे भाड्याने जाऊ. तुम्ही याल तेव्हा तिकडे यायचं आहे.

कालच्या मीटिंगमध्ये सेक्रेटरी माइकवर आले. ते अजून सेक्रेटरीच आहेत, कारण ते काम दुसऱ्या कोणाला नको आहे. रुमालाने चष्मा पुसून त्यांनी सांगितलं की बँक गॅरंटीचा आग्रह मुळात त्यांनीच पहिल्या दिवसापासून धरला होता, आणि त्यापासून सोसायटी एक इंचही मागे हटणार नाही. विरोधक उठायला लागले. मी तळमजल्यावरच्या मैत्रिणीकडे पाहिलं, तिने मंडळाकडे पाहिलं, आणि आम्ही सगळ्यांनी सेक्रेटरींसाठी हात दुखेपर्यंत टाळ्या वाजवल्या. आता त्यांनाही मागे हटता येणार नाही.